मोटरची थप्पी

केशवभाऊ, तुम्हाला जाऊन आज सतरा दिवस झाले आणि मी अजून तुमच्याशी भांडतोच आहे. फरक इतकाच, की आता तुम्ही मध्येच उठून चिलीम भरायला जात नाही. त्यातून परवा अनसूयावहिनींनी एक गोष्ट सांगितली, आणि तेव्हापासून आपलं भांडण नेमकं कशाचं होतं तेच मला कळेनासं झालं आहे. लिहून काढलं की गुंता सुटतो, असं तुम्ही मला नेहमी सांगायचात. तुम्हाला स्वतःला ओंडक्यांच्या मापांपलीकडे काही लिहिताना मी कधी पाहिलं नाही, पण ते असो. तुमचं ऐकून लिहायला बसलो आहे.

आलापल्लीच्या लाकूड-डेपोत थप्पी लावावी तर तुम्हीच. जंगलातून आलेला सागाचा ओंडका तुम्ही हातोडीच्या मागच्या अंगाने ठोकायचात, मान वाकडी करून ऐकायचात आणि सांगून टाकायचात, हा टणक, हा पोकळ, हा वाकडा. मग एकेक थप्पी अशी रचायची, की प्रत्येकीत चार सरळ, दोन वाकडे, एखादा पोकळ. मी नवा होतो तेव्हा मला हे लबाडीचं वाटलं होतं. सगळे सरळ एकीकडे आणि सगळे वाकडे एकीकडे लावले तर काय बिघडलं, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, तसं केलं की सगळे एकाच थप्पीभोवती गोळा होतात, आणि बाकीच्या थप्प्यांना वाळवी लागते.

थप्प्यांना नावं होती ती जागेवरून. फाटकाजवळ आरागिरणीला जाणाऱ्या मालाची गिरणीची थप्पी, सडकेला लागून मालमोटरींवर चढायच्या ओंडक्यांची मोटरची थप्पी, मध्ये डेपोची. दुपारी आपण दोघं भाकरीचं फडकं सोडायचो ते यातल्याच एखाद्या थप्पीवर. बहुतेक वेळा तुम्ही जिथे बसाल तिथे मी. कधीतरी मात्र तुम्ही थांबायचात आणि विचारायचात, "कोनत्या थप्पीवर, गणपत?" मी म्हणायचो, "मोटरची बरी, भाऊ, तिथी सावली आहे." मोटरच्या थप्पीवर त्या जुन्या मोहाच्या झाडाची सावली असायची. तुम्ही मान डोलवायचात आणि मिरचीचा ठेचा माझ्याकडे सरकवायचात.

खेळ आणला तो साहेबांनी. जंगलखात्याचे ते साहेब शिकायला देहरादूनला होते, तिथून हे बास्केटबॉलचं वेड घेऊन आले. सागाचे दोन खांब, सागाच्याच फळ्या, पिपाच्या लोखंडी पट्ट्या वाकवून केलेली कडी आणि सुतळीची जाळी. मैदान मुरमाचं, त्यामुळे चेंडू खड्यावर पडला की भलतीकडेच उडायचा. तरी दर माघात सामने व्हायचे. चार संघ होते, गिरणी, मोटर कंपनी, डेपो आणि शाळामास्तर. चपळ हाताचा आणि उंच माणूस दिसला की त्याला कामाला ठेवून घ्यायचं आणि खेळवायचं, अशी रीत पडली. चांगला फेकणारा असला तर त्याला आरा चालवता येतो की नाही हे कोणी विचारत नसे. मीही डेपोत तसाच लागलो होतो. आम्ही खेळाचेच पोटभरू होतो, उगाच मान खाली घालण्यासारखं त्यात काही नव्हतं.

पण नोकऱ्या देण्यात गिरणीच्या शेटचा हात कोण धरणार? तीन वर्षं लागोपाठ गिरणी जिंकली. तिसऱ्या वर्षीचा शेवटचा सामना आठवतो का, भाऊ? अर्ध्या वेळेलाच गिरणीचे इतके गुण झाले होते, की मास्तरांचा संघ आपसात हसायला लागला. आधी चणेवाला उठला, मग बाया उठल्या, मग सगळं गाव बाजाराकडे चालू लागलं. उरलो आपण दोघं, साहेब आणि गिरणीचेच कामगार. त्यांनाही शेटने बसवून ठेवलं होतं म्हणून. दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, खांब काढा आणि दवाखान्यासाठी बाकं करा. तुमचा चेहरा असा उतरला, की तुमच्या गुडघ्यावरून ओंडका गेला तेव्हाही उतरला नसेल. तुम्ही तर जन्मात कधी चेंडूला हात लावला नव्हता.

साहेबांच्या ओट्यावर मग ती बैठक झाली. मी पायरीखाली उभा होतो. तुम्ही उभ्यानेच सांगितलं, की खेळाडूंचीही थप्पी लावा. गिरणीने आपले तिघं ठेवावेत, बाकीचे सगळे एकत्र काढा, आणि जो संघ शेवटी आला त्याला पहिला ओंडका द्या, मग तिसऱ्याला, मग दुसऱ्याला, सगळ्यात शेवटी जिंकणाऱ्याला. शेट हसले. त्यांचं म्हणणं, मी मेहनतीने संघ उभा केला तो माझा गुन्हा का? त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. साहेब मात्र तुमच्याकडे बघून हिंदीत म्हणाले, "ये लकड़ी नहीं है केशव, आदमी है."

तुम्ही टोपी काढली. "इचारूनच लावीन, सायेब. एकेकाले इचारीन."

या एका वाक्यावर सगळे कबूल झाले. आणि याच वाक्यावरून मी चार वर्षं तुमचा जीव खाल्ला.

त्याच महिन्यात शेटने मला बोलावलं होतं. गिरणीकडून खेळ, चांद्याच्या कचेरीत कायमची नोकरी, राहायला दोन खोल्या. माझं नवीन लग्न झालेलं. सुशीलाचं माहेर चांद्याचं. तिने कोणती भांडी न्यायची आणि कोणती सासूकडे ठेवायची हेसुद्धा ठरवून टाकलं. आणि आठव्या दिवशी डेपोच्या फळ्यावर तुमच्या त्या तिरक्या अक्षरात खडूने लिहिलेलं, गणपत, मोटर.

मी धावत आलो. तुम्ही कसलासा ओंडका ठोकून पाहत होतात.

"मले इचारलं काऊन नाई, भाऊ?"

"इचारलं होतं तुले."

"कवा?"

तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जणू मीच खोटं बोलतो आहे. मग हातोडी ठेवली आणि चिलीम भरायला गेलात.

मी शेटकडे गेलो. त्यांनी सरळ सांगितलं, की त्यांच्या तीन जागा भरल्या, आणि न खेळणाऱ्या उंच माणसाचं ते करतील काय, वरच्या फळीवरचे डबे काढायला ठेवतील? सुशीलाने भांडी पुन्हा मांडणीवर लावली. मी मोटर कंपनीत मुनशी झालो, कोणत्या मोटरवर किती ओंडके चढले ते लिहायचं. पावसाळ्यात नाले भरले की मोटरा बंद आणि मुनशीही बंद. दर आषाढात सुशीला चांद्याला माहेरी जायची ती दसऱ्यानंतर यायची. माझा पोरगा पहिलं पाऊल टाकायला शिकला तो चांद्याच्या अंगणात. मला ते पत्राने कळलं, आणि ते पत्र मी तुमच्यासमोर आपटलं होतं. तुम्ही पत्र उचललंत, झटकलंत आणि परत दिलंत. तुमच्या जिभेवर काहीतरी होतं हे मला दिसत होतं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते लालसूचं. लालसू मडावी, एटापल्लीपलीकडच्या जंगलगावचा, एका उडीत कडीला हात लावणारा. त्याला मोटरकडे येतोस का, असं विचारायला तुम्ही त्या मोडक्या गुडघ्यासह दीड दिवस चालत गेलात. त्याच्या दारात बसून आधी तिन्हीसांजेपर्यंत मोहफुलांच्या आणि अस्वलांच्या गोष्टी केल्या आणि मग हळूच विषय काढलात, हे त्यानेच मला सांगितलं. मी तर तुमच्यापासून हातभर अंतरावर रोज भाकरी खात होतो. माझ्यासाठी तुम्हाला तोंड उघडता आलं नाही, असं मी धरून बसलो.

तरी खेळ जगला, हे मी नाकारत नाही. पहिल्या वर्षी मोटर तिसरी आली. दुसऱ्या वर्षी, आपला मुलूख नागपूरचं राज्य सुटून मुंबईच्या राज्यात गेला त्या हंगामात, मोटर आणि गिरणी शेवटच्या सामन्यात. त्या दिवशी बाजारच भरला नाही. सिरोंच्याहून तेलुगू माणसं लाकूड वाहणाऱ्या मोटरांवर बसून आली, झाडांवर माणसं, कौलांवर माणसं. शेवटच्या क्षणी बरोबरी होती आणि चेंडू माझ्या हातात आला. मी फेकला. चेंडू कडीवर बसला, गोल फिरला, आणि तेवढ्या वेळात अख्ख्या आलापल्लीत कोणालाही माहीत नव्हतं काय होणार. मला नाही, शेटना नाही, साहेबांना नाही. मग तो आत पडला. मला उचललं त्यात तुम्ही नव्हतात. तुम्ही कोपऱ्यात डोळे पुसत उभे होतात, आणि विचारलं तर म्हणालात, मुरूम गेला डोळ्यात.

लगेच पुढच्या हंगामात तुम्ही लालसूला मास्तरांकडे दिलंत. मी पुन्हा भडकलो. जिंकलो म्हणून फोडता का आम्हाला? दरवर्षी असे सगळे संघ सारखे करायचे तर जिंकण्याला अर्थ काय उरला? तुमच्या जिवावर गिरणीला शिव्या देणारा मी, आता अगदी शेटच्याच भाषेत बोलत होतो, आणि ते माझ्या ध्यानातही आलं नाही. तुम्ही म्हणालात, "पाहणाऱ्याले शेवटपावतर समजलं नाई पाह्यजे, येवढंच मले समजते. बाकी तू शिकला-सवरला." सतरा दिवस मी यावरच विचार करतो आहे. कधी वाटतं तुमचं खरं, कधी वाटतं शेटचं. खेळ पाहणाऱ्याचा की खेळणाऱ्याचा? दोघांनाही एकदम न्याय देता येतो का? लालसूला विचारलं तर तो म्हणाला, मास्तर लोक चहा चांगला देतात.

शेवटचा आलो तेव्हा तुम्ही तापाने फणफणला होतात. मी ठरवून आलो होतो, आज भांडायचं नाही. तुमची पाठ दाबून द्यायची, दोन गोष्टी बोलायच्या आणि एकदाचं म्हणून टाकायचं, की भाऊ, तो चेंडू कडीवर फिरत होता तेवढ्या वेळासाठी मी चांदासुद्धा विसरलो होतो. पण तुम्हीच विषय काढलात. "यंदाची यादी तू कर, गणपत." आणि मी फटकन म्हणालो, मी माणसांच्या थप्प्या लावणार नाही, निदान न विचारता तरी नाही. तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. मला वाटलं, झोपलात. मी वहिनींना सांगून निघालो. तुमच्याशी बोललेलं माझं शेवटचं वाक्य ते.

परवा वहिनींना भेटायला गेलो. त्यांनी चहा केला. तुमची हातोडी कोपऱ्यात टेकून ठेवलेली होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, की भाऊंना मी फार त्रास दिला. वहिनी म्हणाल्या, कसला त्रास, त्यांना तुमचं भारी कौतुक. आणि मग त्यांनी ते सांगितलं.

"आल्यागेल्याले सांगत ते. गणपतनं चांद्याची नोकरी सोडली अन् सोताहून मोटर मांगतली म्हने. कोनती थप्पी म्हून इचारलं तं म्हनला, मोटरची बरी, भाऊ, तिथी सावली आहे. लय मोठ्या मनाचा माणूस म्हनत."

माझ्या हातात चहाची कपबशी होती. ती खाली ठेवायला मला जागा सापडेना.

भाऊ, मला तो दिवस आता लख्ख आठवतो. फळ्यावर नावं लागायच्या तीन दिवस आधीची दुपार. तुम्ही भाकरीचं फडकं सोडतच नव्हतात. उगाच गाठ चाचपत होतात, घसा खाकरत होतात. मला कडकडून भूक लागलेली. मग तुम्ही दुसरीकडेच बघत विचारलंत, कोणत्या थप्पीवर. आणि मी डोक्यावरच्या उन्हाकडे बघून उत्तर दिलं. मग तुम्ही फडक्याची गाठ सोडलीत. ठेचा सगळा मलाच दिलात.

आणि दरवर्षी! तुम्ही एरवी विचारत नव्हतात. विचारायचात ते यादीच्या आधीच, आणि दरवर्षी मी मोहाखाली जाऊन बसायचो. वर्षातून एकदा तुम्ही मला चांदा आणि मोटर यांच्यामध्ये उभं करत होतात आणि मी सावली बघत होतो. मग मी ओरडत यायचो, की मला विचारलं का नाही. तुम्हाला काय वाटत असेल? हा माणूस आपला मोठेपणा लपवतो आहे, असं? की एखाद्या वर्षी तुमच्याही लक्षात आलं होतं, पण तोवर पत्रं आली होती, पोरगा चालायला लागला होता, आणि आता सांगून काय उपयोग, असं वाटलं तुम्हाला? ते पत्र झटकताना जिभेवर होतं ते हेच का? लालसूला सरळ विचारता आलं, मग माझ्याशीच तुम्ही डेपोची भाषा का बोललात? इतकं मोठं मागणं माझ्याकडे उघड मागायची तुम्हाला लाज वाटली असेल. मीही तुमच्याकडे काही उघड मागितलं नाही म्हणा.

वहिनींना मी खरं सांगितलं नाही. त्यांच्या नवऱ्याने जिला मोठं मन समजलं ती नुसती भूक होती, हे त्या बाईला आता कशाला सांगू? पण न सांगताही राहवत नाही. तुम्ही केलेलं कौतुक माझं नाही, आणि मी तुमच्यावर धरलेला राग तुमचा नाही. दोन्ही कुठे ठेवावं ते कळत नाही.

सुशीलाला मात्र सगळं सांगितलं. ती आधी हसली, इतकी की पोरगं घाबरलं. मग डोळे पुसून म्हणाली, "भाऊईनं एकदा तरी इचारलं. तुमी मले इचारलं का, चांदा पाह्यजे का नाई म्हून?" मी म्हटलं, भांडी तर काढली होतीस. ती म्हणाली, तेव्हा पाहिजे होतं. आता पावसाळ्यात चार महिने माहेर मिळतं, आठ महिने इथली हवा मिळते, ते कोणाला नको आहे? चार वर्षं मी तिच्या नावाने तुमच्याशी भांडलो, भाऊ. एकदासुद्धा तिला विचारलं नाही.

यादी शेवटी माझ्याच गळ्यात पडली. साहेबांनी तुमचा खडू माझ्या हातात दिला. त्यातच शेटचा निरोप आला, की गिरणीच्या तिघांतला एक नागपूरला गेला, ती जागा गणपतसाठी आहे, चांदाही आहे. त्यामुळे बाकीची नावं लागली तरी माझ्या नावापुढची जागा कोरीच राहिली, आणि राजन्नाच्याही. सिरोंच्याचा हा राजन्ना यंदा नवा आहे, बावीस-तेवीसचा, डाव्या हाताने फेकतो. मी त्याला समोर बसवून फोड करून सांगितलं. हा खेळ आहे, ही नोकरी आहे, इथे गेलास तर हे मिळेल, तिथे गेलास तर हे बुडेल. थप्पी हा शब्द मी तोंडातून निघू दिला नाही. तो म्हणाला, उद्या सांगतो.

दुपार झाली होती. त्याने भाकरीचं फडकं काखेत मारलं आणि डेपोकडे बघत विचारलं, "अन्ना, कोनत्या थप्पीवर?"

त्याला नुसती भूक लागली होती, भाऊ. त्याच्या डोळ्यांत दुसरं काही नव्हतं. मी मात्र तिथेच थांबलो. फाटकाजवळ गिरणीची थप्पी, तिच्यावर छपराची सावली पडली होती. सडकेला मोटरची थप्पी होती, उघडी, तापलेली. तो मोह गेल्या वैशाखातल्या वादळात पडला, हे तुम्हालाही माहीत होतं. तुम्हीच त्याला ठोकून पाहिलं होतं आणि आतून पोकळ होता म्हणाला होतात.

राजन्नाने पुन्हा विचारलं. या खेपेला मी प्रश्न नीट ऐकला, त्याचा नव्हे, तुमचा.

"मोटरच्या," मी म्हटलं.

"तिथी तं सावली नाई, अन्ना."

सावली नाही ते माहीत आहे, म्हटलं. आणि जाऊन बसलो. ओंडके इतके तापले होते, की बसवत नव्हतं.